उद्यमनगरात ओतलेला ‘ट्रुमन’ : एका पॅटर्न शॉपच्या कामाविषयी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका छोट्या पॅटर्न शॉपकडून, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने (पॅटर्न) करणाऱ्या दुकानाकडून, मी गेल्या वर्षी एक काम करून घेतले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अमेरिकेत बांधलेल्या व्हिटकम्ब बनावटीच्या, यार्डात डबे पुढेमागे करणाऱ्या (शंटिंग) आणि पुढे इटलीत ‘ट्रुमन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या डिझेल इंजिनाची, एकास सोळा प्रमाणातील, साडेतीन इंची गेजच्या (दोन रुळांमधील अंतराच्या) रुळांवर प्रत्यक्ष चालणारी प्रतिकृती मला हवी होती. ती मिळाली. पॅटर्न, ओतकाम, लेथकाम, जोडणी आणि रंग धरून ८५,००० रुपये लागले. पाच महिन्यांची मुदत ठरली होती, प्रत्यक्षात आठ महिने गेले. मालकांकडे ते स्वतः धरून तिघेच माणसे आहेत आणि हातातले काम आवरत नसताना नाव छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मी नाव देत नाही. उद्यमनगरात ‘रेल्वेचे मॉडेल ओतणारे’ एवढे विचारले तरी कोणीही तो पत्र्याचा शेड दाखवील.

मी स्वतः तीस वर्षे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीच्या पॅटर्न विभागात काढली आहेत, त्यामुळे हा अभिप्राय त्या नजरेने लिहिला आहे. चालू स्थितीतली खेळणी आणि शोभेची मॉडेले ऑनलाइन कितीही मिळतात. मला पाहायचे होते ते वेगळेच : ज्या कारागिरीवर अशी जुनी इंजिने जगात आजही टिकून आहेत, ती कारागिरी आपल्या गावात कोणत्या प्रतीची आहे?

आधी मूळ इंजिनाविषयी सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय कामाची पारख होणार नाही. व्हिटकम्बचा कारखाना अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रोशेल या छोट्या गावी होता आणि युद्धाच्या काळात तो बाल्डविन या मोठ्या इंजिन कंपनीच्या छत्राखाली चालत असे. ब्रिटिश युद्ध खात्यासाठी त्याने जे इंजिन बांधले त्याचे वजन ६५ अमेरिकन टन, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ५९ टन. मध्यभागी चालकाची केबिन, तिच्या दोन्ही अंगांना दोन बुटकी हूडे (यंत्र झाकणाऱ्या पेट्या), खाली दोन-दोन आसांच्या दोन बोगी (चाकांचे फिरते सांगाडे) आणि प्रत्येक हुडाखाली बुडा कंपनीचे सहा सिलिंडरांचे, ३२५ अश्वशक्तीचे एक डिझेल इंजिन, अशी त्याची रचना. दोन इंजिने, त्यांचे दोन जनरेटर आणि आसांवर बसवलेल्या विजेच्या मोटारी मिळून ६५० अश्वशक्ती होते. आजच्या मालगाडीच्या इंजिनापुढे हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु यार्डात डबे पुढेमागे करण्यासाठी आणि गरज पडल्यास बेताची मालगाडी ओढण्यासाठी तो पुरेसा होता. शिवाय दोन स्वतंत्र जोड्या असल्यामुळे एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर रखडत का होईना घर गाठता येई. लढाईच्या मुलखात या सोयीची किंमत फार मोठी असते.

ही इंजिने उत्तर आफ्रिकेत का गेली, याचे उत्तर धूर आणि पाणी या दोन शब्दांत आहे. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात सैन्याची रसद वाहणारा लोहमार्ग समुद्रकाठच्या मर्सा मत्रूहपासून पश्चिमेकडे वाढवत नेण्यात आला होता. त्या उघड्या, सपाट प्रदेशात वाफेच्या इंजिनाच्या धुराचा खांब कितीतरी मैलांवरून शत्रूच्या विमानाला दिसे. वाफेच्या इंजिनाला पाणीही अतोनात लागे आणि जिथे माणसाच्या पिण्याचे पाणी नळाने किंवा टाक्यांनी आणावे लागत होते तिथे ते इंजिनाच्या पोटात ओतणे परवडणारे नव्हते. डिझेल इंजिन धूर करत नाही असे नाही, पण त्याचा धूर आकाशात उभा राहत नाही. आणि थंड करण्यासाठी भरलेले पाणी तेच तेच फिरत राहते. याच विचाराने त्या काळी जर्मन सैन्यानेही दारूगोळ्याच्या आणि इंधनाच्या कोठारांत शंटिंगसाठी तीन आसांची ३६० अश्वशक्तीची डिझेल इंजिने वापरली होती, कारण तिथे एक ठिणगी म्हणजे सर्वनाश. युद्धाने डिझेलला जी घाई लावली ती शांततेच्या काळात कदाचित आणखी वीस वर्षे लागली नसती. आपल्याकडेही १९४४-४५ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ३८६ अश्वशक्तीची १५ शंटिंग इंजिने आली आणि पुढे त्यांना डब्ल्यूडीएस-१ हे वर्गनाम मिळाले. भारतातल्या डिझेल शंटिंगची खरी सुरुवात तिथपासून धरतात.

लढाई आफ्रिकेतून इटलीत सरकली तशी व्हिटकम्बची इंजिनेही भूमध्य समुद्र ओलांडून इटलीत गेली. हीच वाट आपल्या भागातल्या कितीतरी घरांतल्या माणसांनीही तुडवली आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी वाळवंटात होत्या आणि इटलीतही होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर गाजवलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यासारख्यांच्या मागे दारूगोळा, पीठ आणि औषधे पोहोचवणारी जी यंत्रणा होती, तिच्या यार्डांत हे बुटके इंजिन राबत होते. कोल्हापुरात त्याची प्रतिकृती का करावी असे मला अनेकांनी विचारले. हे त्याचे एक उत्तर आहे.

दुसरे उत्तर माझ्या स्वतःच्या डोळ्यांतले आहे. १९९४ साली आमच्या फाउंड्रीने मोल्डिंग मशीनच्या प्रशिक्षणासाठी मला उत्तर इटलीत पाठवले होते. एका सकाळी स्टेशनच्या फलाटावर उभा असताना पलीकडच्या यार्डात हिरव्या-तपकिरी रंगाचे, मधोमध केबिन असलेले एक इंजिन डबे ढकलताना दिसले. आमच्याबरोबरच्या इटालियन फिटरने त्याकडे बोट दाखवून एकच शब्द उच्चारला : ‘ट्रुमन’. अमेरिकेतून आलेले म्हणून रेल्वेच्या लोकांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे नाव त्याला चिकटवले होते. युद्ध संपून जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती आणि युद्धासाठी घाईघाईने बांधलेले यंत्र अजून रोजच्या पाळीला हजर होते. मी ते पाहतच राहिलो.

ते टिकले कसे, हे मला नंतर वाचून समजले आणि या इंजिनाच्या जतनाचा सगळा मुद्दा तिथेच आहे. युद्धानंतर याच घराण्यातली २० इंजिने नेदरलंड्सच्या रेल्वेने घेतली होती. तिथे नवी डिझेल इंजिने येताच ती बाजूला पडली आणि साधारण १९६० पर्यंत मोडीत निघाली. इटलीच्या सरकारी रेल्वेकडे आलेल्या सुमारे पन्नास इंजिनांचे नशीब मात्र निराळे ठरले. त्यांना आधी एनई १२० हा वर्ग मिळाला. बुडा कंपनी १९५३ मध्ये ॲलिस-चामर्सने विकत घेतली. जुन्या इंजिनांचे सुटे भाग मिळणे कठीण होत गेले. तेव्हा इटालियन रेल्वेने सांगाडा आणि बोगी ठेवून, १९६० च्या दशकापासून, आतली डिझेल इंजिने बदलली आणि या नव्या रूपाला डी १४३ हे नाव दिले. म्हणजे आज तिथल्या संग्रहांत आणि रेल्वेप्रेमींच्या मंडळांकडे जे ‘ट्रुमन’ जपून ठेवलेले आहेत, त्यांच्या अंगात युद्धकाळचे हृदय नाही. काहींना हे खटकते. मला ते खटकत नाही. ज्यांची इंजिने बदलली नाहीत ती भंगारात गेली. ज्यांची बदलली ती आपल्याला पाहायला मिळतात. चालत राहण्यासाठी केलेला बदल हा त्या यंत्राच्या इतिहासाचाच भाग मानला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता कामाकडे येतो. मी रेखाचित्रे घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकांनी, ज्यांना तिथे सगळे अण्णा म्हणतात, किंमत सांगण्याआधी एक प्रश्न विचारला : “सर, हूड उघडायचं असलं तर आत कुठलं इंजिन दाखवायचं? पहिलं का बदललेलं?” ज्या माणसाने हे यंत्र कधी पाहिले नाही, त्याने अर्ध्या तासात जतनाचा नेमका पेच पकडला होता. मी १९४३ सालचे रूप मागितले. मग त्यांनी बुडाच्या सहा सिलिंडरी इंजिनाची बाह्याकृती लाकडात कोरली आणि तिचे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे ओतले. हुडाची बाजूची दारे उघडली की ते दिसतात. सिलिंडरांची एकूण क्षमता १८७९ घन इंच, म्हणजे जवळजवळ ३१ लिटर असलेले ते इंजिन प्रत्यक्षात किती अवाढव्य असेल याचा अंदाज हुडात ते कसे गच्च बसते यावरूनच येतो.

सर्वांत चांगले काम बोगीच्या बाजूच्या चौकटींचे झाले आहे. त्या गनमेटलमध्ये, म्हणजे तांबे आणि कथिलाच्या मिश्रधातूत, ओतायच्या ठरल्या. गनमेटल थिजून थंड होताना साधारण दीड टक्का आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. अण्णांकडे त्यासाठी वडिलांच्या काळातली पोलादी आकुंचन-पट्टी आहे, जिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून किंचित लांब असतो. पॅटर्न सागवानाचे केले. आसपेटी (आसाचे टोक जिच्यात फिरते ती पेटी) जिथे बसते त्या खोबणीचे कोपरे माझ्या रेखाचित्रात काटकोनात होते. अण्णांनी बोटाने तो कोपरा चोळून म्हटले, “हितं टेपर दिला न्हाई तर पॅटर्न उचलताना वाळू फाटणार बघा. आतल्या अंगाला देतो, बाहेरून कुणाला कळणार न्हाई.” तसेच झाले. बाहेरची रेषा तंतोतंत राहिली आणि उतार आत लपला. चार चौकटींपैकी एकीच्या स्प्रिंगच्या कप्प्याजवळ धातू नीट न मिळाल्याची बारीक रेघ आली होती. ती फाइल मारून आणि रंगाखाली सहज झाकता आली असती, माझ्याही नजरेतून कदाचित सुटली असती. पण मी पाहायला गेलो त्याआधीच त्यांनी ती चौकट मोडून वितळवायच्या ढिगात टाकली होती आणि रनरची, म्हणजे वितळलेला धातू साच्यात नेणाऱ्या वाटेची, जागा बदलून दुसरी ओतली होती. ग्राहकाने न सांगता आपलाच माल नाकारणे ही फाउंड्रीच्या धंद्यात माणसाची खरी ओळख असते.

चाके ईएन-८ पोलादाच्या गोल सळईतून लेथवर कातली आहेत आणि त्यांच्या धावेला वीसास एक असा उतार दिला आहे, जो खऱ्या रेल्वेच्या चाकांना असतो आणि ज्यामुळे गाडी स्वतःहून रुळांच्या मधोमध राहते आणि वळण सहज घेते. मॉडेल करणारे बहुतेक जण सरळ दंडगोल चाक कातून मोकळे होतात. इथे मी सांगण्याआधीच लेथवाल्या तरुणाने विचारून घेतले होते. सहा फूट त्रिज्येच्या माझ्या वळणावर इंजिन एकदाही रुळांवरून उतरलेले नाही.

वजनाचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. लांबी सोळाव्या भागाने घटली की वजन सोळाच्या घनाने, म्हणजे ४,०९६ पटींनी घटते. ५९ टनांचे इंजिन त्या हिशेबाने साडेचौदा किलोच्या आतबाहेर भरले पाहिजे. आमचे इंजिन काट्यावर १५ किलो २०० ग्रॅम भरले. पातळ पत्र्याची मॉडेले वजनाअभावी रुळांवर घसरतात आणि मग त्यांत शिशाचे तुकडे भरावे लागतात. इथे ओतकामामुळे ती वेळच आली नाही.

मूळ यंत्राची दोन स्वतंत्र जोड्यांची रचना त्यांनी माझ्या आग्रहाखातर जपली. दोन्ही हुडांत एकेक बॅटरी आहे, प्रत्येक बॅटरीवर एका बोगीच्या दोन मोटारी चालतात आणि केबिनच्या मजल्याखाली दोन वेगळी बटणे आहेत. पहिल्या चाचणीत मी पुढची बॅटरी बंद केली, तेव्हा इंजिन क्षणभर अडखळले आणि मग मागच्या बोगीच्या जोरावर दोन भरलेले डबे घेऊन सावकाश चालू लागले. शेडमधले सगळे काम सोडून ते पाहायला जमले होते. वाळवंटातल्या चालकाला आपले इंजिन असे अर्ध्या ताकदीने घरी परतताना काय वाटले असेल, ते त्या काही सेकंदांत मला समजले.

उणिवा आहेत आणि त्या लिहिल्या पाहिजेत. रंगकाम त्यांनी बाहेर दिले होते आणि बाहेरच्याने मोटारगाडीचा चकचकीत रंग मारला. सैन्याच्या यंत्राला तो अजिबात शोभत नाही. मी रंग पुन्हा द्यायला लावला, दुसऱ्या वेळी मंद रंग आला, पण हुडाच्या जाळीत पहिल्या रंगाचे थर भरून बसल्यामुळे जाळीची छिद्रे बुजली आहेत आणि ती अजून मोकळी झालेली नाहीत. केबिनच्या खिडक्यांच्या चौकटी प्रमाणापेक्षा जाड आहेत. रिव्हेटची डोकीही मोठी आहेत. जवळून पाहिले की तेवढ्यापुरते डोळ्यांना बोचते. विजेच्या जोडणीचा आराखडा कागदावर मिळाला नाही, तो मला स्वतः तारा शोधत काढून घ्यावा लागला. आणि तीन महिन्यांचा उशीर झाला, त्यातला एक महिना पावसाळ्यात वाळू ओली राहिल्यामुळे गेला हे मान्य केले तरी उरलेल्या दोन महिन्यांबद्दल आधी कळवायला हवे होते. दर वेळी मीच फेरी मारून विचारत होतो.

निर्मात्याची पाटी हा भाग मी वेगळा करून घेतला. हुपरीच्या एका चांदीच्या कारागिराने व्हिटकम्ब आणि रोशेल ही अक्षरे जर्मन सिल्व्हरमध्ये उठावदार ओतून दिली. नखाएवढ्या पाटीवरची अक्षरे भिंगाशिवाय वाचता येतात. पैंजणाच्या कळ्या घडवणाऱ्या हातांना एवढे बारीक काम सहज जमते, हे आपल्याकडच्या मॉडेलकारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या दुकानाची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली ती मात्र मॉडेलमध्ये दिसत नाही. काम संपल्यावर अण्णांनी सगळे पॅटर्न आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवण्याचे साचे) धुऊन, लाखेचा हात देऊन, त्यांवर क्रमांक कोरून फळीवर ठेवले आणि नोंदवहीत माझे नाव लिहिले. “पॅटर्न तुमचेच, सांभाळतो आम्ही,” एवढेच ते म्हणाले. याआधी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी एका जुन्या पंपाचे पॅटर्न करून ठेवले होते. दोन वर्षांनी गेलो तर ते हिवाळ्यात शेकोटीत गेले होते. ज्याने हा धक्का खाल्ला आहे त्यालाच क्रमांक कोरलेल्या लाकडाची किंमत कळेल. जुने इंजिन जपणाऱ्या माणसापुढे नेहमी एकच अडचण येते : भाग तुटला, तो करणारी कंपनी बंद झाली, रेखाचित्र हरवले. मग तुटलेल्या तुकड्यावरूनच माप घ्यायचे, आकुंचनाचा हिशेब करायचा, पॅटर्न करायचा आणि नवा भाग ओतायचा. तो पॅटर्न जिवंत राहिला तर पुढच्या माणसाचे अर्धे काम झालेले असते. म्हादबा मेस्त्रींच्या काळापासून ऑइल इंजिने घडवत आलेल्या या गावात हे ज्ञान गल्लोगल्ली आहे, पण ते बहुतेक ठिकाणी आजच्या ऑर्डरपुरते वापरले जाते. इथे ते सांभाळून ठेवले जाते.

कोणी तिथे काम द्यायला जाणार असेल तर मोजमापांसह रेखाचित्र घेऊन जावे, नुसते छायाचित्र नेऊ नये. धातू आधी ठरवावा, कारण आकुंचन त्यावर अवलंबून असते. रंगकाम स्वतःकडे ठेवावे. आणि मुदत सांगितली असेल त्यात पावसाळ्यात दोन महिने मिळवावेत. दुकान सोमवारी बंद असते. निम्मी रक्कम आगाऊ घेतात, पावती देतात.

मी गेल्याच आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. डी १४३ रूपातल्या बदललेल्या इंजिनाचा ठोकळा आता करायला दिला आहे, म्हणजे एका हुडात १९४३ आणि दुसऱ्या हुडात पुढचा काळ दाखवता येईल. बोगीचे पॅटर्न फळीवर होते तिथेच होते. अण्णांनी एक खाली काढला, कोरड्या फडक्याने पुसला, खोबणीच्या त्या कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि पुन्हा जागेवर ठेवला.